नेणारा ठरलाय, आणणारा कोण?

सोयाबीन विकून झालं, तुरीची रास झाली की आपल्या जिल्ह्यात दरवर्षी व्हॉट्सअपवर एक पत्रक फिरायला लागतं. वर पशुपतिनाथाचा फोटो, कोपऱ्यात आई तुळजाभवानी, खाली देवस्थानांची लांबलचक यादी. प्रयागराज, काशी, अयोध्या, गोरखपूर, लुंबिनी, काठमांडू, पोखरा, मुक्तिनाथ. दोन वेळचं जेवण, चहा-नाष्टा, सोबत आचारी, "आपल्या भागातला अनुभवी ड्रायव्हर". शेवटी माणशी रक्कम आणि दोन मोबाईल नंबर.

यंदा माझ्याकडे आलेल्या पत्रकात एक नवी ओळ आहे. "वन-वे स्पेशल. जाताना जीपने, येताना रेल्वेने. माणशी इतके हजार कमी."

ही ओळ वाचून मी ही पोस्ट लिहायला बसलोय. पोस्ट लांब आहे. पण ज्यांचे आईवडील, चुलते, सासू-सासरे यंदा अशा गाडीत बसणार आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

आधी ही वन-वे भानगड काय आहे ते समजून घ्या. जीप इथून भरून निघते. माणसांना काठमांडू-पोखरा फिरवते आणि त्यांना तिथूनच बॉर्डरच्या किंवा गोरखपूरच्या वाटेला लावून देते. तिथून ही माणसं रेल्वेने आपापली परत यायची. तोवर दुसरी बॅच रेल्वेने गोरखपूरला पोचलेली असते. ती जीपमध्ये बसते, नेपाळ बघते आणि जीपनेच गावाकडे येते. म्हणजे गाडी दोन्ही बाजूंनी भरलेली. एका फेरीत दोन गिऱ्हाइकं. धंदा म्हणून डोकं चांगलं चालवलंय, मला त्यात वाईट वाटत नाही. वाईट याचं वाटतं की या दोन्ही बॅचमधल्या एकाही माणसाचं पूर्ण जाणं-येणं कुणाच्या अंगावर नाही. पहिल्या बॅचचं येणं वाऱ्यावर, दुसऱ्या बॅचचं जाणं वाऱ्यावर.

मला एवढंच म्हणायचंय: ज्या यात्रेत परत आणायची जबाबदारी कुणाच्या नावावर नाही, ती यात्रा विकणं बंद झालं पाहिजे. आणि ते बंद होईपर्यंत आपण आपली म्हातारी माणसं त्या गाडीत बसवणं बंद केलं पाहिजे.

लगेच कुणीतरी म्हणेल, "देवाच्या वाटेत आडवा येतोय." नाही बाबांनो. तुळजापूरची पायी वारी आणि येरमाळ्याची चुन्याची यात्रा बघत वाढलेला माणूस आहे मी. जन्मभर शेतात राबलेल्या बाईला आयुष्यात एकदा काशी आणि पशुपतिनाथ बघावासा वाटतो, यापेक्षा साधी इच्छा कोणती? ती पुरी झालीच पाहिजे. म्हणूनच ती नीट पुरी व्हावी.

सीमेवरचा पहिला प्रश्न

नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. ३१ जुलै १९५० च्या भारत-नेपाळ करारापासून दोन्हीकडच्या माणसांना ही मोकळीक आहे. उत्तर प्रदेशातल्या सोनौलीला कमान ओलांडली की पलीकडे बेलहिया. माणसं चालत जातात, सायकलवर जातात, भाजी घेऊन येतात. हे बघून आपल्या माणसाला वाटतं, हा काय परदेश, हे तर उमरग्याहून कर्नाटकात गेल्यासारखं आहे.

माणसासाठी सीमा सोपी आहे, हे खरं. गाडीसाठी ती सीमाच आहे. आपल्या एमएच-२५ पाटीच्या गाडीला पलीकडे जाताना नेपाळच्या कस्टमची, म्हणजे त्यांच्या भाषेत 'भन्सार'ची पावती फाडावी लागते. ती दिवसांवर असते. किती दिवस राहणार ते आधी सांगायचं, तेवढ्या दिवसांचे पैसे भरायचे. त्या तारखेच्या आत गाडी बाहेर आली नाही तर दंड. वर्षात एकूण किती दिवस भारतीय गाडी तिथं ठेवता येते त्यालाही मर्यादा आहे.

जगात कुठलीही सीमा घ्या, गाडीवाल्याला पहिला प्रश्न हाच असतो: परत कधी जाणार? इराणसारख्या कित्येक देशांत गाडी न्यायची तर 'कार्नेट' नावाचं कागदपत्रांचं पुस्तक काढावं लागतं आणि त्यासाठी आधी मोठी हमी ठेवावी लागते. गाडी परत बाहेर आली नाही तर ती हमी जाते. लोखंडाच्या गाडीसाठी जग इतकी काळजी घेतं. आमच्या पत्रकात मात्र गाडीच्या येण्याची तारीख आहे आणि माणसांच्या येण्यापुढे फक्त "रेल्वेने" असं लिहिलंय. कोणत्या रेल्वेने, कोणत्या तारखेला, कन्फर्म की वेटिंग, काही नाही.

वन-वे रोड ट्रिपला माझा विरोध नाही, हेही सांगतो. भारुलता कांबळे यांचं नाव काहींना आठवत असेल. इंग्लंडमधल्या ल्यूटनहून निघून २०१६ साली त्या एकट्या गाडी चालवत तीसहून जास्त देश ओलांडून म्यानमारमार्गे भारतात आल्या आणि महाडला, सासरच्या गावी पोचल्या. एकट्या बाईचा एकतर्फी प्रवास. पण असा प्रवास होतो तो प्रत्येक सीमेचा कागद, प्रत्येक मुक्काम आणि शेवटचं ठिकाण आधी ठरवून. एकतर्फी जाणाऱ्याला दुप्पट तयारी लागते. आमच्याकडे एकतर्फीचा अर्थ निम्मी तयारी असा लावलाय.

गाडी कुणाची, पाटी कोणती?

आता कागदांकडे या. गाडीची पाटी पांढरी आहे की पिवळी, एवढं आधी बघा.

गावागावांत भाड्याने जाणाऱ्या कितीतरी बोलेरो, क्रूझर, अर्टिगा पांढऱ्या पाटीच्या आहेत. म्हणजे कागदावर खाजगी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ६६ नुसार परवान्याशिवाय भाड्याने प्रवासी नेता येत नाहीत. लग्नाच्या वऱ्हाडाला आपण चालवून घेतो, दवाखान्याला चालवून घेतो, कुणी विचारत नाही. पण खाजगी गाडीच्या विम्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की गाडी भाड्याने वापरली तर हा विमा लागू नाही. अपघात झाल्यावर कंपनीचा माणूस हेच कलम घेऊन समोर बसतो. तेव्हा "आम्ही सगळे पाहुणे होतो" असं खोटं सांगायची वेळ जखमी माणसांवर येते. आणि माणशी रकमेचं पत्रक तर शंभर ग्रुपवर फिरलेलं असतं.

पाटी पिवळी असेल तर पुढचा प्रश्न. आपल्याकडचा ऑल इंडिया टूरिस्ट परमिट नेपाळमध्ये चालत नाही. नावातच 'इंडिया' आहे. प्रवासी वाहनांसाठी दोन्ही देशांचा २०१४ चा वेगळा करार आहे. पलीकडे धंद्याची गाडी न्यायची तर वेगळी परवानगी लागते. ती कुणी काढली? कागद बघू द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. हे मी ज्याला ज्याला विचारलं, त्यातल्या दहातल्या नऊ जणांना माहीत नव्हतं. तुमच्या गाडीचा विमा भारतापुरता असतो. पॉलिसी काढून बघा, त्यात 'भौगोलिक क्षेत्र' म्हणून एक रकाना असतो आणि तिथं 'भारत' लिहिलेलं असतं. सोनौलीची कमान ओलांडली की फुल इन्शुरन्सवाली गाडीसुद्धा बिनविम्याची होते. यावर उपाय आहे आणि सोपा आहे. निघायच्या आधी विमा एजंटला सांगून जादा हप्ता भरायचा आणि पॉलिसीला 'जिओग्राफिकल एरिया एक्स्टेन्शन' जोडून घ्यायचं. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका यांच्यासाठी ही सोय मोटार विम्यात जुनीच आहे. रक्कमही काही डोळे पांढरे करणारी नसते. तरी किती यात्रावाले ती घेतात? विचारून बघा. "काही होत नाही भाऊ, पंधरा वर्षं झाली नेतोय" हे उत्तर मिळेल.

एक ड्रायव्हर आणि दीड हजार किलोमीटर

आपल्या जिल्ह्यातून सोनौलीची वाट धरा. तुळजापूरहून निघणारा ३६१ नंबरचा महामार्ग लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा करत बुटीबोरीला जातो. पुढे नागपूर, जबलपूर, रीवा, प्रयागराज, काशी, गोरखपूर. सोनौलीपर्यंतच दीड हजार किलोमीटरच्या वर होतात. तिथून काठमांडू आणखी अडीचशेच्या वर आणि त्यात बराच घाट.

पत्रकात हे अंतर दोन-अडीच दिवसांत संपवलेलं असतं. ड्रायव्हर एक. क्लीनर म्हणून जो असतो तो आचारी पण असतो. मोटार कामगारांसाठीचा १९६१ चा कायदा सांगायचा, दिवसाला आठ तास. आपला "अनुभवी ड्रायव्हर" पहिल्याच दिवशी सोळा-अठरा तास चालवतो. आणि हा माणूस लातूर-सोलापूर सपाटीवर कितीही हुशार असला तरी त्याने त्रिशूलीकाठचा रस्ता चालवलेला असतोच असं नाही. एका बाजूला सुटलेला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली नदी, समोरून ट्रक.

यात वन-वेची भर घाला. गाडीला ठरलेल्या दिवशी दुसरी बॅच घ्यायची आहे. भन्सारचे दिवस संपत आलेत. पहिल्या बॅचला पोखऱ्यात एक दिवस उशीर झाला तर तो उशीर कुठं भरून काढणार? रात्रीच्या घाटात. वन-वेमध्ये पैसे वाचतात म्हणतात ना, ते इथून वाचतात.

२०२४ च्या दोन घटना विसरू नका. १२ जुलै २०२४ ला नारायणगढ-मुग्लिंग रस्त्यावर दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत गेल्या, साठहून जास्त प्रवासी होते. त्यात आपले भारतीयही होते. मग २३ ऑगस्ट २०२४. पोखऱ्याहून काठमांडूला निघालेली बस तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली. बस उत्तर प्रदेशात नोंदलेली, प्रवासी आपल्या जळगाव जिल्ह्यातले, वरणगाव-भुसावळ भागातले. २७ माणसं गेली. पशुपतिनाथाच्या दर्शनाला निघालेली साधी माणसं. कुणाची आई, कुणाचे वडील, कुठे नवरा-बायको दोघं.

दुसऱ्या दिवशी हवाई दलाच्या विमानाने मृतदेह नाशिकला आणले. सरकारने हे केलं, चांगलं केलं. पण मला तेव्हापासून एक गोष्ट सलते. मेलेल्या माणसांना आणायला विमान आहे. जिवंत माणसं निघताना गाडीचा कागद बघायला एक माणूस नाही.

त्या अपघाताचा दोष मी कुणावर ठेवत नाही, तो तपास करणाऱ्यांचा विषय. मी म्हणतोय ते इतकंच की त्यानंतर आपल्याकडे काय बदललं? नेपाळच्या यात्रेवर पावसाळ्यात जाऊ नये, एवढं तरी पत्रकात आलं का? श्रावणात पशुपतिनाथाला जायचा आग्रह धरणारे ग्रुप अजून आहेत आणि नेमका जून ते सप्टेंबर हाच तिथं दरडींचा काळ असतो.

दार त्यांच्या बाजूनेही बंद होतं

सीमेचं एक लक्षण आहे. ती उघडी असते तोवर दिसत नाही, बंद झाली की दिसते.

२५ एप्रिल २०१५ चा भूकंप आठवा. त्याच वर्षाअखेर नाकेबंदी झाली, महिनोन्‌महिने नेपाळमध्ये पेट्रोल-गॅसला रांगा होत्या. मार्च २०२० मध्ये कोरोनाने दोन्ही बाजू बंद झाल्या. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये काठमांडूत तरुणांचं आंदोलन पेटलं, सरकार पडलं, संचारबंदी लागली, विमानतळ बंद झाला. आपल्या राज्यातले पर्यटकही तिथं अडकले होते. त्या दिवसांत टीव्हीवर जळत्या इमारती दिसत होत्या आणि इथं गावात पोरं आईबापाचा फोन लागेना म्हणून रात्रभर जागत होती.

अशा वेळी ज्याच्याकडे परतीचं तिकीट आहे, गाडी सोबत आहे, यात्रावाला सोबत आहे, तो निदान एका जागी बसून वाट बघू शकतो. वन-वेवाल्याची गाडी कुठं असते? ती दुसऱ्या बॅचसोबत.

आंदोलन, भूकंप लांब राहिलं, साधी रेल्वे घ्या. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या गावातली माणसं अशीच गेली होती. अकरा जण, त्यात सात बाया. रात्री साडेदहाला एका मावशींचा फोन. "बाबा, आमी गोरखपूरच्या ठेसनावर हाव. तिकीट हाय म्हणत्यात पर गाडीत चढू देईनात." तिकीट वेटिंगचं होतं. वेटिंगचं ई-तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप रद्द होतं, ते घेऊन रिझर्व्हेशनच्या डब्यात बसता येत नाही. हे त्या मावशींना कुणी सांगितलंच नव्हतं. नेणाऱ्याला फोन लावला तर तो म्हणाला, "माझं काम स्टेशनपर्यंत होतं. पुढचं रेल्वे बघेल." दोन रात्री फलाटावर काढल्या. गावातल्या पोरांनी वर्गणी काढून तत्काळची तिकिटं मिळतील तशी काढली, चार जण एका गाडीने आले, बाकीचे दुसऱ्या. एका आजोबांच्या शुगरच्या गोळ्या वाटेतच संपल्या होत्या. सगळे घरी आले, देवाची कृपा. पण "देवाची कृपा" हे नियोजन नसतं.

रेल्वेचं रिझर्व्हेशन साठ दिवस आधी उघडतं. ज्याला खरंच माणसं परत आणायची आहेत तो साठ दिवस आधी तिकिटं काढून पीएनआर हातात देतो. जो "तिथं गेल्यावर काढू" म्हणतो, त्याने तुम्हाला परत आणायचं ठरवलेलंच नाही.

माणसाचे कागद, माणसाची तब्येत

आपल्याकडे आधार कार्ड म्हणजे सगळं, अशी समजूत आहे. नेपाळसाठी ते सगळ्यांना चालत नाही. १५ ते ६५ वयाच्या माणसाने पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदान कार्ड जवळ ठेवायचं. १५ च्या खालच्या आणि ६५ च्या वरच्या माणसांना वय दाखवणारं फोटो असलेलं ओळखपत्र, त्यात आधारही, चालतं. बॉर्डरवर रोज कुणी तपासत नाही म्हणून मतदान कार्ड घरी ठेवून जाणारे खूप आहेत. ज्या दिवशी काही घडतं त्याच दिवशी तपासणी होते.

नोटांचंही तसंच. २०१८ साली नेपाळने शंभर रुपयांपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. असे नियम बदलत असतात, म्हणून निघायच्या आठवड्यात चौकशी करा. पाचशेच्या नोटांचं पुडकं लुगड्याच्या ओच्यात बांधून गेलेल्या आजीला पलीकडच्या दुकानदाराने नाही म्हटलं तर तिने काय करायचं?

आणि दवाखाना. आयुष्मान भारत, महात्मा फुले जनआरोग्य योजना, ही कार्डं सोनौलीच्या पलीकडे उपयोगाची नाहीत. तिथं झालेला खर्च आपला आपण करायचा. त्यात मुक्तिनाथ ३,७०० मीटरच्या वर आहे. आपण बालाघाटच्या पठारावरची माणसं, आपला जिल्हा सहाशे-सातशे मीटरवर. बीपी आणि दम्याची माणसं पोखऱ्याहून भराभर तिथं नेऊन सोडणं ही भक्ती नाही, जिवाशी खेळ आहे. पत्रकात 'मुक्तिनाथ' हा शब्द छापायला पैसे लागत नाहीत. सोबत डॉक्टरचा सल्ला घ्या, एवढं छापायलाही लागत नाहीत.

"गरिबाला स्वस्तात देव दाखवतोय, तुझ्या पोटात का दुखतंय?"

हा प्रश्न येणार, म्हणून उत्तर आधीच देतो.

एक, स्वस्त कुणाला? मावशींच्या गावाने वर्गणी काढली, दोन दिवस पोरांनी कामधंदा सोडला, तो खर्च पत्रकातल्या रकमेत धरला का? यात्रावाल्याने जो खर्च टाळला तो गावाने भरला.

दोन, "मोठ्या ट्रॅव्हल कंपन्यांची दलाली करतोस" असं म्हणणाऱ्यांना. मर्स्यांगदीत गेलेली जीप नव्हती, मोठी बसच होती. मोठी गाडी, मोठं ऑफिस, गुळगुळीत कागदावरचं पत्रक म्हणजे माणसं सुखरूप येतील असं काही नाही. माझे प्रश्न त्यांनाही तेच आहेत.

तीन, "हजारो जातात, काही होत नाही." बरोबर आहे. बहुतेक जण सुखरूप येतातच. पण विम्याशिवाय, परवान्याशिवाय, एका ड्रायव्हरवर गेलेला माणूस सुखरूप आला म्हणजे पद्धत बरोबर होती असं होत नाही. नशीब बरोबर होतं. पुढच्या बॅचला तेच नशीब असेल याची हमी कोण देतो?

चार, "मग गरिबाने जायचंच नाही का?" जायचं. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली. साठ वर्षांवरची, अडीच लाखांच्या आत उत्पन्न असलेली माणसं, माणशी तीस हजारांपर्यंत खर्च. पण ती देशातल्या तीर्थांसाठी. पशुपतिनाथाची ओढ त्यात बसत नाही. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वेची आपण अजून वाट बघतोय. सरकारी सोय जिथं संपते तिथं पत्रकवाला उभा असतो. म्हणून सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मी मारत नाही. पण मधली जागा मोकळी आहे म्हणून त्यात काहीही विकायचं का?

कुणी काय करायचं

पुढारी मंडळींना पहिलं. दरवर्षी तुम्ही या गाड्यांपुढे नारळ फोडता, भगवी झेंडी दाखवता, फोटो टाकता. यंदा झेंडी दाखवायच्या आधी गाडीचा परमिट आणि विम्याचा कागद हातात घ्या आणि त्याच्यासोबत फोटो काढा. आम्ही तोही लाईक करू.

आरटीओ कार्यालयाला आणि जिल्हा प्रशासनाला. वर्षभर नको, यात्रेच्या हंगामापुरती एक खिडकी उघडा. जिल्ह्याबाहेर, देशाबाहेर यात्रा नेणाऱ्याने गाडीचा नंबर, दोन ड्रायव्हरची नावं, प्रवाशांची यादी, घरच्यांचे फोन आणि परतीची तारीख तिथं किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात द्यावी. यात सरकारचा एक रजिस्टर आणि एक पेन एवढाच खर्च आहे. काही अघटित घडलं तर काठमांडूच्या भारतीय दूतावासाला द्यायला निदान यादी तरी असेल. आज ती यादी यात्रावाल्याच्या वहीत असते आणि वही गाडीत असते.

ग्रामपंचायतींना. कोण नेतोय, कुणाला नेतोय, ते गावाला माहीत असतंच. फलकावर लिहा. ग्रामसभेत विचारा.

आणि आपल्याला, म्हणजे लेकांना, सुनांना, नातवांना. आईच्या हातात पैसे द्यायच्या आधी यात्रावाल्याला हे विचारा:

१. गाडीची पाटी कोणती? पिवळी असेल तर नेपाळची परवानगी दाखव.
२. विम्याला नेपाळ जोडलंय का? पॉलिसीचा फोटो पाठव.
३. ड्रायव्हर किती? घाटात रात्री गाडी चालणार नाही, हे लिहून दे.
४. परतीचा पीएनआर काय? कन्फर्म आहे का?
५. अडकलो तर, उशीर झाला तर, आजारी पडलो तर राहण्या-खाण्याचा खर्च कुणाचा? लिहून दे.

पाच प्रश्न. खरा यात्रावाला चिडणार नाही. आपल्या जिल्ह्यात चांगले यात्रावालेही आहेत. दोन ड्रायव्हर ठेवतात, परतीची तिकिटं आधी काढतात, म्हाताऱ्यांच्या गोळ्यांची पिशवी स्वतः सांभाळतात आणि गावात सोडल्यावर घरी फोन करून विचारतात. पत्रकातल्या कमी रकमेमुळे नुकसान त्यांचं होतंय. त्यांच्याकडे माणशी दोन-तीन हजार जास्त लागत असतील तर ते द्या. ते पैसे परत येण्याचे आहेत.

पाचपैकी एकाही प्रश्नावर "देव बघेल" असं उत्तर आलं तर पैसे परत मागा. देव बघेलच हो. पण माणशी रक्कम देवाने घेतलेली नाही.

ज्या यात्रावाल्यांना या पोस्टचा राग आला असेल त्यांनी कमेंटमध्ये शिव्या देण्याऐवजी स्वतःच्या गाडीचे कागद टाकावेत. कागद बरोबर असतील तर मी स्वतः तुमचं पत्रक शेअर करीन.

बाकीच्यांनी ही पोस्ट आपापल्या गावच्या ग्रुपवर टाका. भजनी मंडळाच्या ग्रुपवर, बचत गटाच्या ग्रुपवर आधी टाका, कारण गाडीत बसणारी माणसं तिथं आहेत. वाचता येत नसेल त्यांना वाचून दाखवा. हंगाम सुरू झालाय.